आधी गाव, मग माणूस

१० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक लहान तुकडी जर्मन मशीनगनच्या अगदी तोंडाशी सापडली. तुकडीचा नाईक तेवढा धड राहिला, बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. नाईक एकटाच मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्बने गन आणि ती चालवणारा असे दोन्ही निकामी केले, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठार केलं. लगेचच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तो कोसळला. त्या नाईकाचं नाव यशवंत घाडगे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

घाडग्यांचं घर शोधायला आज कोणाला फारसे कष्ट पडत नाहीत. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात पळसगाव, तिथले ते. माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीतल्या मोन्तोने गावाने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. त्यांचा देह मिळाला नाही, म्हणून नाव कसिनो स्मारकावर कोरलेलं आहे. पण त्याच स्मारकावर चार हजारांवर नावं आहेत, आणि त्यांतल्या ज्या शिपायांना पदक मिळालं नाही, त्यांची घरं सहसा कोणी शोधायला गेलेलं नाही. पदक मिळालं की चरित्र मिळतं. बाकीच्यांच्या वाट्याला एक क्रमांक, एक तारीख आणि फार तर बापाचं नाव येतं.

आता हाच शोध चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या डोंगरावर घ्यायचा असेल तर? माणिकगडाच्या पठारावर गोंड आणि कोलाम गुडे, म्हणजे पाडे, आहेत, बंजारा तांडे आहेत, मराठवाड्यातून येऊन वसलेल्या वस्त्या आहेत. एखाद्या घरात ‘आमचा आजा लढाईत गेला, परत आला नाही’ एवढंच सांगतात. कोणती लढाई, कुठली पलटण, कोणतं साल, काही नाही. अशा एका वाक्यावरून घराण्याचा माग कसा काढायचा, त्याबद्दल हा लेख.

माणसाचं आयुष्य जन्मापासून मरणाकडे जातं. शिपायाचे कागद मात्र मरणापासून मागे वाचावे लागतात. खेड्यातल्या मुलाचा जन्म कोणी लिहून ठेवला असेल-नसेल, मरण मात्र फौजेने नक्की लिहिलेलं असतं, कारण त्यावर पगार थांबतो आणि पेन्शन सुरू होते. म्हणून पहिलं दार कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं. ही संस्था १९१७ साली स्थापन झाली. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन मुदतींत सेवेत असताना मेलेल्यांची नोंद ती ठेवते. तिची यादी घरबसल्या मोबाइलवर शोधता येते. नोंदीत नाव, हुद्दा, क्रमांक, पलटण आणि मृत्यूची तारीख असते, आणि शेवटी ‘अधिक माहिती’ नावाची एक ओळ. हिंदुस्थानी शिपायांच्या बाबतीत या ओळीत बरेचदा बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव आणि जिल्हा सापडतो. सगळ्या शोधाचा जीव त्या एका ओळीत आहे.

ती ओळ सगळ्यांच्या वाट्याला आली नाही, हेही सांगितलं पाहिजे. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला, आणि शरण गेल्यावर कैदेत कितीतरी माणसं मेली. मेसोपोटेमियातल्या मृतांसाठी बसऱ्याला जे स्मारक बांधलं, त्याच्यावर गोऱ्यांची नावं कोरली. हिंदुस्थानी अंमलदारांचीही कोरली. साध्या शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या लिहिली. २०२१ साली कमिशनने स्वतःच्या कारभाराची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातल्या किमान एक लाख सोळा हजार मृतांची, बहुतेक आफ्रिकी, हिंदुस्थानी आणि इजिप्शियन लोकांची, नावानिशी स्मृती राखली गेली नाही किंवा अजिबातच राखली गेली नाही, असं त्यात कबूल केलं आहे. तेव्हा यादीत नाव सापडलं नाही म्हणून घरच्यांची आठवण खोटी ठरवू नये.

यादीत नसलं तरी घरात काही सापडू शकतं. भिंतीच्या खुंटीवर, देव्हाऱ्यात, पत्र्याच्या पेटीत एखादं पदक असतं. ते चिंचेने घासून लख्ख करण्याआधी त्याची कड बघावी. हिंदुस्थानी शिपायांना दिलेल्या पदकांच्या कडेवर बारीक ठशांनी क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या घरी एक काशाची चकतीही पाठवली जायची, साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची. हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, शेजारी सिंह आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत मेलेल्याचं नाव. हुद्दा मुद्दामच घातलेला नाही, मरणात सगळे सारखे म्हणून. भावना चांगली होती, पण शोधणाऱ्याला त्या चकतीचा उपयोग कमी, कारण तिच्यावर पलटणही नाही. पदकाची कड जास्त कामाची.

क्रमांक मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. त्या काळी क्रमांक पलटणीपुरते असत. एकच क्रमांक दोन वेगळ्या रेजिमेंटांत दोन वेगळ्या माणसांचा असू शकतो. म्हणून क्रमांक आणि पलटण ही जोडी कधी फोडायची नाही. आणि पलटणीचंही नाव टिकत नाही. कुतमध्ये अडकलेली ११० वी मराठा १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण झाली, म्हणजे घाडग्यांचीच. तीच १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. आजा ११० व्या मराठात होता एवढंच माहीत असलेला माणूस आज त्या नावाची पलटण शोधत बसला, तर त्याला ती कुठेही सापडणार नाही.

जिवतीकडच्या लोकांसाठी यात एक खास चकवा आहे. यादीत ‘१९ वी हैदराबाद रेजिमेंट’ असं दिसलं की कोणालाही वाटतं, निजामाची फौज. ती निजामाची नव्हती, ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यातली होती, आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये तिचं नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट झालं. तिचं केंद्र उत्तराखंडात रानीखेतला आहे. निजामाची संस्थानी फौज वेगळी. तिची पहिली हैदराबाद इन्फन्ट्री १९४१ च्या डिसेंबरात मलायात कोटा भारूच्या विमानतळावर होती. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर ती फौज मोडली. नावात हैदराबाद दोन्हीकडे आहे, पण एकाचे कागद शोधायला हिमालयात जावं लागतं आणि दुसऱ्याचे हैदराबादेत. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याच्या बाजूचा शिपाई असेल तर महार रेजिमेंटही तपासावी. ती ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली, तिची दुसरी पलटण १९४२ साली नागपूरजवळ कामठीला, आणि आज तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच आहे.

या केंद्रांच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये शिपायाचा शीट रोल, म्हणजे त्याच्या नोकरीची नोंद, असतो आणि घराण्याच्या शोधासाठी सगळ्यात मोलाचा किंड्रेड रोल. किंड्रेड रोल म्हणजे शिपायाच्या कुटुंबाचा फौजेने ठेवलेला तक्ता. आई, बाप, बायको, मुलं, सगळ्यांची नावं त्यात येतात. लग्न झालं, मूल झालं, कोणी वारलं की पार्ट टू ऑर्डर निघते आणि तक्त्यात भर पडते. अर्थात ठरावीक मुदतीनंतर जुने कागद नष्ट करण्याचे नियम फौजेतही आहेत, त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वीचा रोल मिळेलच असं नाही. तरी अर्ज करावा. अर्ज वारसाच्या नावाने आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर त्याला वजन येतं. चंद्रपूरला ते कार्यालय आहे. वीरपत्नी, वीरमाता, माजी सैनिक यांच्या नोंदी तिथे असतात आणि खेड्यातल्या माणसाचा अर्ज नीट लिहून देणारी माणसंही तिथे भेटतात.

१९४७ नंतरच्या लढायांत मेलेल्यांचा शोध त्या मानाने सोपा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. गडचिरोलीकडे नक्षलवाद्यांशी लढताना मेलेले जवान मात्र बहुतेक पोलीस दलाचे, त्यातल्या सी-६० या खास पथकाचे. त्यांची नोंद सैनिक कार्यालयात शोधू नये, ती जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे.

समजा हे सगळं जमलं आणि नोंदीत गावाचं नाव मिळालं. खरी मेहनत इथून सुरू होते, आणि जिवतीत ती दुप्पट आहे, कारण तिथे माणूस एका जागी बसून राहिला तरी त्याचा पत्ता फिरत राहिला. १९२० साली या पठारावर जन्मलेला माणूस हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यात जन्मला. १९५६ साली तोच माणूस मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात गेला. १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६४ च्या सुमारास चांद्याचं चंद्रपूर झालं. पुढे राजुऱ्याच्या मुलखातून जिवती हा वेगळा तालुका निघाला. त्याने घर बदललं नाही, शेतही बदललं नाही. घाडग्यांच्या बाबतीतही कुलाब्याचं रायगड झालं आहे, पण एकदाच, आणि राज्याची हद्द मध्ये आली नाही. इथे तर हद्द अजूनही पुरती शांत नाही. मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर, महाराजगुडा अशा चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगत आले आहेत. तिथल्या लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डं आणि दोन्हीकडची मतदार ओळखपत्रं असतात.

म्हणून फौजेच्या कागदावर ‘जिल्हा आदिलाबाद’ दिसलं की शिपाई तेलंगणातला आहे असं धरून चालू नये. उलट ‘जिल्हा चांदा’ दिसलं तर तो जिवतीच्या पठारावरचा असण्याची शक्यता कमी, कारण युद्धाच्या काळात हे पठार चांद्यात नव्हतंच. मी तर म्हणेन, आधी एक कागद घेऊन गावाचाच इतिहास लिहावा, कोणत्या साली कुठल्या तालुक्यात, कुठल्या जिल्ह्यात. माणसाचं नाव त्यानंतर.

गुड्यांची नावंही पक्की नसतात. कितीतरी गुड्यांना ते वसवणाऱ्या पाटलाचं नाव आहे, किंवा नुसता हुद्दा: मुकदमगुडा, महाराजगुडा. एकाच नावाचे दोन गुडे दोन डोंगरांवर सापडतात. पूर्वी डोंगरउतारावर फिरती शेती चालायची, जंगल राखीव झालं की वस्ती उठायची. शिपायाने भरतीच्या वेळी सांगितलेला गुडा त्याच्या मरणानंतर पाच वर्षांनी त्या जागी असेलच असं नाही.

निजामाच्या काळातले महसुली कागद उर्दूत आहेत आणि त्यांत फसली सन आहे. हैदराबादचा फसली सन ऑक्टोबरात सुरू होतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३५० फसली म्हणजे ऑक्टोबर १९४० ते ऑक्टोबर १९४१. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे आडनाव वाचणाऱ्याने आपल्या मनाने पुरं केलेलं असतं. इंग्रजी कारकुनाने त्यावर आणखी कलाकुसर केलेली असते. एका आडनावाची चार-पाच रूपं लिहून घेऊनच कागदात शिरावं. संस्थान संपल्यानंतरच्या पहिल्या पिढीचा कागद म्हणून १९५४-५५ चं खासरा पत्रक फार कामाचं. युद्धात मेलेल्या शिपायाचा भाऊ किंवा मुलगा त्यात जमीन कसणारा म्हणून सापडू शकतो. पुढचा धागा तलाठ्याकडे फेरफारात आणि वारस नोंदीत मिळतो. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणि कोतवाल बुकही बघावं. कोतवालाने जन्म-मृत्यूच्या नोंदी ज्या बारकाईने ठेवल्या आहेत, त्या पाहून पुष्कळ मोठ्या कचेऱ्यांनी लाजावं.

एक गोष्ट पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावी: हे घराणं डोंगरावरचं जुनं, की खालून आलेलं? जिवती तालुक्यातली पुष्कळ कुटुंबं साठ-सत्तरच्या दशकांत, दुष्काळाच्या रेट्याने मराठवाड्यातून आली. अशा घरातला पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मेला असेल तर त्याचं गाव जिवतीत शोधून काय उपयोग? ते नांदेड, परभणी किंवा लातूरकडे असणार. गंमत म्हणजे तो मुलूखही तेव्हा निजामाचाच होता, त्यामुळे जुना असो की नवा, दोघांच्या कागदांची वाट शेवटी हैदराबादेच्या पुराभिलेखागारापर्यंत जाते.

इथवर वाचून वाटेल, या डोंगरात वंशावळ सापडणं अशक्यच. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच घरांत ती तयारच असते, फक्त शिपायासाठी बनवलेली नसते. वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा करताना बिगर-आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. जुन्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्या पूर्वजापर्यंत जाणारी वंशावळ आणि गावातल्या म्हाताऱ्यांचे लेखी जबाब, दोन्ही पुरावे नियमांत मान्य आहेत. जात पडताळणीचंही तसंच. मुलाला कॉलेजात राखीव जागा हवी की बापाला शपथेवर वंशावळ लिहून द्यावी लागते. आजोबांच्या भावांची नावं, कोण निपुत्रिक गेलं, कोण कुठे दत्तक गेलं, हे सगळं त्या स्टॅम्प पेपरवर असतं. घरोघरी प्लास्टिकच्या पिशवीत, लाइट बिलांच्या खाली हे कागद असतात. लढाईत गेलेला आजा त्या वंशावळीत कित्येकदा कोपऱ्यात उभा असतो, नावापुढे ‘मयत’ किंवा ‘बेपत्ता’ एवढंच लिहून. इतिहासाच्या अभ्यासकांनी या फायली अजून पुरेशा उघडलेल्या नाहीत, असं माझं मत आहे.

गोंड घराण्यात आणखी एक दार आहे, परधान. परधान हे गोंडांचे पिढीजात गायक. किकरी या वाद्यावर कुळाची आणि देवांची कथा गातात, मृत्यूनंतरच्या विधींत त्यांचा मान असतो. प्रत्येक परधान घराण्याचे गोंड यजमान ठरलेले. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन अभ्यासक १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये मारलावाईला राहिला आणि त्याने हे सगळं तपशीलवार लिहून ठेवलं. परधान तारखा सांगणार नाही, पलटणही नाही. पण घराणं चार देवांचं, पाच, सहा की सात, हे तो चुकणार नाही. याचा सरळ उपयोग होतो. एकाच देवसंख्येच्या घराण्यांत सोयरीक होत नाही, त्यामुळे शिपायाच्या बायकोचं माहेर कुठल्या कुळांत शोधायचं हे ठरतं. गावची नोंद बाईला ‘अमक्याची बायको’ म्हणून संपवते. माहेरच्या लोकांना मात्र पोरगी विधवा होऊन परत आली होती का, हे नीट आठवतं. कोलाम गुड्यावर गावचा नाईक आणि म्हाताऱ्या बाया यांच्याकडे बसावं.

बायकोचा विषय निघाला तर तो टाळू नये आणि चारचौघांत काढूही नये. तरुण विधवेने दिराशी घरोबा करण्याची रीत गोंडांत होती, इतरही कितीतरी जातींत होती. फौजेच्या जुन्या नियमांतही तिला जागा होती. विधवेने मृत नवऱ्याच्या सख्ख्या भावाशी लग्न केलं आणि ती त्याच कुटुंबात राहिली तर विशेष कुटुंब पेन्शन चालू राहायची. दुसरीकडे लग्न केलं की बंद. यामुळे पेन्शनची फाइल ही त्या घराची पुरी कहाणी होऊन बसते, आणि एखाद्या आजोबाला सत्तराव्या वर्षी कळतं की आपण ज्याला बाप म्हणत आलो तो चुलता होता. हे कळवण्याचा हक्क शोधणाऱ्याला आपोआप मिळत नाही. घरातल्या कर्त्या माणसाला आधी एकट्याला भेटावं आणि कागद त्याच्या हातात द्यावा. पुढचं त्याने ठरवावं.

शोध पुरा झाला, बापाचं नाव, गाव, वारस जुळले, की कमिशनला लिहून नोंद दुरुस्त करून घेता येते. स्पेलिंग चुकलेलं असो की ‘अधिक माहिती’ची ओळ रिकामी असो, पुराव्याच्या प्रती जोडून कळवलं तर ते तपासतात. पत्रात गाव दोन्ही तऱ्हेने लिहावं, तेव्हाचा तालुका-जिल्हा-संस्थान आणि आजचा तालुका-जिल्हा-राज्य, नाहीतर लंडनजवळच्या कचेरीतला माणूस आदिलाबाद आणि चंद्रपूर यांच्यात पुन्हा हरवेल. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. साताऱ्याकडे अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात मेलेल्या ४६ जणांची आठवण गावाने जपली आहे, तशी एखादी पाटी शाळेच्या भिंतीवर लावायला पंचायतीला फार खर्च येत नाही.

आणि घरचे एक प्रश्न हमखास विचारतात: यातून काही मिळेल का? दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचं मासिक अनुदान आहे. विधवा हयात असेल तर सैनिक कार्यालयात लगेच जावं. नातवंडांसाठी असं काही नाही, आणि ‘फाइल पुढे सरकवतो’ म्हणून पैसे मागणारा कोणीतरी भेटतोच. तेव्हा हे उत्तर पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आधी देऊन टाकावं.